मालक मुंबईला असतात

शिमगा अजून पुरता संपलेला नाही. आमच्या बिल्डिंगच्या मागे जी वाडी आहे तिथे रोज संध्याकाळी ढोल घुमतो, आणि तो घुमायला लागला की मी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवतो. खिडकीतून आंब्याच्या उरल्यासुरल्या मोहोराचा वास येतो, त्यात कुठून तरी काजूच्या बोंडूंचा आंबूस वास मिसळतो. रत्नागिरीत नोकरीत सगळी हयात काढली, पण फाल्गुनात नाक अजून गावाकडेच वळतं. एरवी या दिवसांत माझ्याइतका खुशालचेंडू माणूस नसतो. यंदा मात्र जिवाला स्वस्थता नाही. समोर टेबलावर एक चावी पडली आहे. जुनी, लोखंडी, चांगली बोटभर लांब आणि तिच्या कडीला काथ्याची गाठ. माझी बायको शैला म्हणते, उचलून ठेवा ती एकदाची. मी हो म्हणतो आणि उचलत नाही.

ही आमच्या गावच्या घराची चावी. गाव खाडीकाठी, इथून एसटीने दीड तास. गावातली निम्मी घरं आता कुलपात असतात. कोणी मुंबईला, कोणी पुण्याला, कोणी बोटीवर, आणि माझ्यासारखे काही जिल्ह्याच्या गावी फायली पुढे सरकवायला. घरं मात्र जागच्या जागी उभी आणि त्यांच्या चाव्या यशवंतदादाकडे. यशवंतदादा माझा चुलतभाऊ, माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. त्याच्या पडवीत दाराआड एक फळी आहे. फळीवर खिळे आणि एकेका खिळ्यावर एकेक चावी, अशा अकरा घरांच्या अकरा. कुठल्याही चावीवर नाव नाही. एकीला जाळ्याचा दोरा, एकीला लाल चिंधी, एकीला भोक पाडलेला शिंपला, आमच्या चावीला काथ्या. वीज गेलेली असली तरी दादा नुसत्या हाताने चाचपून हवी ती चावी काढायचा.

हे काम त्याला कोणी नेमून दिलेलं नव्हतं. कोणे एके काळी कोणीतरी मुंबईला जाताना चावी ठेवून गेला, मग दुसरा ठेवून गेला, आणि तसंच होत गेलं. दर अमावास्या-पुनवेला दादा घरोघर जाऊन दारं उघडायचा, केर काढायचा, देवापुढे दिवा लावायचा. श्रावणात भिंतींना ओल आली की नारळाच्या सोडणांचा धूर करायचा. बंद घराला एक वास असतो, वाळवी, वटवाघूळ आणि जुन्या गोधड्यांचा मिळून झालेला. आमच्या घराला तो कधी आला नाही. वर्षातून दोनदा आम्ही जायचो आणि जणू कालच इथून उठून गेलो अशा थाटात ओटीवर बसायचो. त्यामागे कोणाचे हात होते याचा विचार मी कधी केला नाही, हे आता लिहायला लाज वाटते.

आणि शिमग्यात तर दादाशिवाय पान हलत नसे. आमच्या ग्रामदेवीची पालखी शिमग्यात घरोघर येते. वर्षभर माणसं देवळात जातात, या दिवसांत देवी माणसांकडे येते. तेव्हा घर उघडं असावं लागतं, अंगण सारवलेलं असावं लागतं, ओटी भरायला बाईमाणूस असावं लागतं. मुंबईचे सगळेच वेळेवर पोचतात असं नाही. गाडी रखडते, रजा मिळत नाही. पण दादाकडे चावी असल्यावर काळजी कसली? पालखी पाणंदीच्या तोंडाशी आली की दादा पुढे जाऊन दार सताड उघडायचा आणि वहिनी ओटी भरायची. मालक हजर नाही म्हणून पालखी आमच्या वाडीत कुठल्याही दारातून तशीच फिरली, असं कधी घडलं नव्हतं.

तो सिनेमा आला नसता तर हे सगळं असंच चालू राहिलं असतं.

सिनेमातल्या लोकांना खाडीकाठचं एक बंद घर हवं होतं. मोठमोठे नट, गुन्हेगारीची गोष्ट, टोळी मुंबईहून पळते आणि कोकणात एका कुलूपबंद घरात दडते, असं काहीतरी. त्यांना आमचं घर पसंत पडलं. दादाचा मला फोन आला, "बाळू, ते लोक घर उघडून मागतायत. देऊ काय?" मी म्हटलं, देऊन टाक. तासाभराने पुन्हा फोन. "तू मघाशी दे म्हणालास, ते नीट विचार करून म्हणालास ना?" मी हसलो होतो. परवानगी माझी होती आणि तीही दोनदा विचारून घेतलेली, हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवतो.

शूटिंग बघायला मी रजा टाकून गेलो. तिथे त्यांना घराची राखण करणारा माणूस दाखवायचा होता, आणि दादाचा रापलेला चेहरा बघून ते म्हणाले, हेच पाहिजेत. दादा आढेवेढे घ्यायला लागला. भरीला घालणारा मीच. मी म्हटलं, अरे, तू एवढी वर्षं शिमग्याच्या खेळ्यांमध्ये संकासूर नाचलास, तुला कसली भीती? दादा खरंच तरुणपणी संकासूर व्हायचा. काळे कपडे, कमरेला घुंगरं, तोंडावर ते उंच टोकाचं काळं सोंग आणि छातीवर लोंबणारी पांढरी दाढी. भर दुपारी खेळे वाडीत शिरले की पोरं किंचाळत माजघरात पळायची, आणि संध्याकाळी तीच पोरं दादाच्या मांडीवर बसून कुरमुरे खायची. त्याने थोडा विचार केला आणि तयार झाला. सिनेमाही खेळ्यांसारखाच, असं त्याला वाटलं. मलाही तसंच वाटलं होतं.

काय बोलायचं ते त्यांनी लिहून दिलेलं नव्हतं. घराबद्दल कोणी चौकशी केली तर एरवी काय सांगता, एवढंच विचारलं. दादा म्हणाला, "मालक मुंबईला असतात. इकडं कोण येत नाय." त्यांना ते इतकं आवडलं की तेच ठेवलं. वाक्य दादाचंच, खरं आणि रोजचं.

मग चावी द्यायचा प्रसंग. समोर खलनायक झालेला बडा नट हात पुढे करून उभा. दादाने चावी त्याच्या हातावर ठेवायची, की झालं. दादाने ती ठेवली, पण बोटं सुटेनात. नट ओढतो आहे आणि दादा धरून आहे. सगळे हसले. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. चार-पाच वेळा झाल्यावर दिग्दर्शक वैतागला आणि दादा घामाघूम झाला. शेवटी तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "तुझी चावी हाय रे, हात सुटत नाय." आणि घरी जाऊन त्याने स्वतःच्या घराची चावी आणली. ती मात्र त्याने पहिल्या फटक्यात देऊन टाकली. सिनेमात दिसते ती चावी त्याच्या स्वतःच्या घराची आहे. तिला काथ्या नाही. हे जगात तीनच माणसांना माहीत आहे, दादा, वहिनी आणि मी.

सिनेमा लागला तो गेल्या वर्षी शिमग्याच्या तोंडावर. आख्खी वाडी दोन गाड्या करून रत्नागिरीला आली, दुपारच्या खेळाला. मुंबईचे चाकरमानीही आलेले होते. थिएटरात एसी इतका होता की बायका पदर लपेटून बसल्या. दादा धुवट पांढऱ्या शर्टात, वहिनी लग्नाकार्यातलं पातळ नेसून, मांडीवर पिशवी. मी त्यांच्या मागच्याच रांगेत. पहिला तासभर नुसती पळापळ आणि गोळ्या. मग आमची खाडी दिसली, आमचा माड दिसला आणि पडदाभर आमचं घर. थिएटर दणाणलं. मग दादा आला. मी या वयात, दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. आजूबाजूची रत्नागिरीची माणसं वळून बघायला लागली, तेव्हा मला कोण अभिमान वाटला.

दादाने पडद्यावर आपलं वाक्य म्हटलं आणि लोक खदाखदा हसले. मला वाटतं, ते खरं होतं म्हणून हसले. कोकणातल्या माणसाला त्याचंच दुखणं कोणीतरी पडद्यावरून सांगितलं आणि त्याने ते टाळी देऊन उडवून लावलं. त्यानंतर दादाने चावी दिली. गावात टोळी शिरली, कोणाकोणाचे जीव गेले. आणि मग तो पोलीस अधिकारी झालेला लाडका हिरो आला. त्याने दादाला शर्टाला धरून उभं केलं आणि एक सणसणीत मुस्काटात मारली. शूटिंगच्या वेळी त्याने हात नुसता उगारला होता, तो पुढे गेलाच नव्हता. इथे मात्र आवाजाने खुर्च्या हादरल्या, आणि दादाचा चेहरा हळूहळू, हळूहळू एका बाजूला वळला. शिट्ट्या, टाळ्या, "आणखी एक दे" असा मागून पुकारा. माझेही हात वाजत होते. माझ्या हातांनी माझ्याआधीच ठरवून टाकलं होतं की हा गद्दार आहे.

गलका ओसरल्यावर पुढच्या रांगेतून वहिनीचा आवाज आला. ती खालच्या आवाजात दादाला विचारत होती, "लागलं काय वो?"

"नाय गो," दादा म्हणाला. "हात लागलाच नाय."

बाहेर उन्हात आलो तेव्हा लोक दादाभोवती जमले. अनोळखी माणसांनी त्याच्याबरोबर फोटो काढले. एकाने, अगदी गमतीत, त्याच्या गालाजवळ हात नेऊन फोटो काढून घेतला, आणि दादा कसनुसा हसत उभा राहिला. परतीच्या गाडीत तो खिडकीशी जाऊन बसला. मी खालून विचारलं, कसा वाटला सिनेमा? तो म्हणाला, घर छान दिसलं.

पुढचे आठ दिवस ते वाक्य जिथेतिथे होतं. मासळी बाजारात कोळीण सुरमईचा भाव सांगून वर म्हणायची, "मालक मुंबईला असतात." एसटी स्टँडवर, ऑफिसात, चहाच्या टपरीवर तेच. लोकांनी त्यावर तोंड हलवून रील केल्या, मुस्काटात खाऊन मान वळवायची नक्कल केली. मीही एक तुकडा गावच्या ग्रुपवर पाठवला होता, खाली हसणारी पिवळी तोंडं टाकून. त्या ग्रुपवर दादाचा पुतण्या आहे, म्हणजे दादाने ते बघितलं असणार. हे आता मी कितीही पुसलं तरी पुसलं जायचं नाही.

शिमग्याला आम्ही गावी गेलो. पालखी नेहमीसारखी आली, ढोल वाजले, दादाने ती नेहमीसारखी दारोदार खेळवली. मुंबईला परतायचा दिवस आला तेव्हा वाडीतले आमचे शेजारी, एरवी गिरगावात राहणारे मोहनराव दादाच्या पडवीत येऊन बसले. इकडचं तिकडचं बोलले, चहा प्यायले आणि म्हणाले, आता तुझंपण वय झालं यशवंता, किती दगदग करशील, चावी आमच्याकडेच राहू दे. दादाने शिंपल्याची चावी काढून दिली. दुसऱ्या दिवशी लाल चिंधीची गेली. सुनेला रील दिसली होती म्हणे, आणि तिने विचारलं होतं, हाच ना तो, ज्याच्याकडे आपली चावी असते? सिनेमा खरा आहे असं कोणीच म्हणत नव्हतं. आमची माणसं काही इतकी दूधखुळी नाहीत. पण "उगाच कशाला" हे आमच्या गावचं ब्रह्मवाक्य आहे. उगाच कशाला विषाची परीक्षा! आणि शूटिंगला घर उघडून दिलंच होतं ना त्याने, असंही कोणी हळूच म्हणालं. ते घर माझं होतं. मी तिथेच उभा होतो. दादाने मला दोनदा विचारलं होतं एवढं एक वाक्य बोलायचं होतं, आणि मी पायातली चप्पल सारखी करत बसलो.

दर वेळी दादाच्या वयाची काळजी. त्या चार दिवसांत अख्ख्या वाडीला त्याच्या वयाचा एवढा कळवळा आला, की ऐकणाऱ्याला वाटावं माणूस खाटेला खिळला आहे.

आम्ही निघालो त्या सकाळी फळीवर चारच चाव्या उरल्या होत्या. मी दादाकडे गेलो. इथे मी बराच वेळ लिहिता लिहिता थांबलो होतो, कारण मनात आलं, शैलाच्या नावावर घालावं. तिने निघायच्या तयारीत एवढंच विचारलं होतं की आपण काय करायचं. पण शब्द माझ्या तोंडून निघाला. मी म्हटलं, दादा, आमची चावी जरा घेऊन जातो, आतलं सामान एकदा बघायचं आहे. सामान बघायला घर चार दिवस उघडंच होतं.

दादा उठला, त्याने न बघता काथ्याची चावी काढली आणि माझ्यापुढे धरली. या वेळी त्याचा हात चटकन सुटला.

"उजवीकडं फिरव," तो म्हणाला, "मंग जरा वर उचल. जोर करू नको, जुनं कुलूप हाय."

माझ्याच घराचं कुलूप कसं उघडायचं हे मला माहीत नव्हतं.

त्यानंतर वर्षभर ती चावी इथे, कपाटाच्या खालच्या खणात, विजेच्या बिलांखाली पडून होती. पाऊस आला आणि गेला. मी गणपतीला एकदा जाऊन आलो, तेव्हा दार ढकलताच तो वास अंगावर आला. देव्हाऱ्यामागे वाळवीने मातीची नक्षी काढली होती, आणि आईच्या गोधड्यांना बुरा आला होता. शैला नाकाला पदर लावून झाडत होती. दादा कुंपणाबाहेरून गेला, थांबला, कसे आहात विचारलं, आणि गेला. पूर्वी तो न विचारता आत येऊन चुलीपाशी बसायचा. आता दार माझं होतं, आणि तो बोलावल्याशिवाय यायचा नाही. मीही बोलावलं नाही.

खेळे संपले की संकासूर सोंग उतरवतो, विहिरीवर आंघोळ करतो आणि पुन्हा माणूस होऊन जेवायला बसतो. संकासुरावर कोणी वर्षभर राग धरत नाही, तशी रीतच आहे. दादाच्या तोंडावर मात्र त्या दिवशी सोंग नव्हतं, त्याचा स्वतःचा चेहरा होता, आणि तो उतरवून ठेवायला विहीर कुठली? तो सिनेमा आता फोनवर येतो. हवा तेव्हा लावावा आणि हवी तेव्हा दादाला मुस्काटात बसताना बघावी. मी एकदा लावून पाहिलाही, फक्त ती चावी बघायला. नुसती चावी, काथ्या नसलेली. आणि मग बंद केला.

यंदा आमच्या वाडीचा पालखीचा दिवस ठरलेला होता. पालखी नेहमी दुपार कलल्यावर येते, म्हणून आम्ही सकाळी आरामात निघालो. वाटेत शैलाने हार घेतला, मी ओटीचं सामान घेतलं. यंदा खालच्या वाडीत सुतक निघालं, म्हणून पालखी सकाळीच आमच्याकडे वळली होती. मला कोणी कळवलं नाही. कळवायचं चुकलं असंही नाही. आमच्या घराला कळवायची कधी गरजच पडली नव्हती. पालखीची वर्दी चावी असलेल्या माणसाला जायची, आणि तो उघडायचा.

आम्ही पोचलो तेव्हा ढोल पलीकडच्या वाडीत ऐकू येत होता. पाणंदीत गुलाल सांडलेला होता आणि पायांच्या खुणा परत गेलेल्या होत्या. मोहनरावांच्या दाराला कुलूप होतं. त्यांना रजा मिळाली नव्हती. पण त्यांच्या बंद दारापुढे अंगण झाडलेलं होतं आणि पायरीशी रांगोळी होती. पलीकडच्या आणखी दोन बंद घरांपुढेही तसंच. शैला माझ्या पुढे होती. आमच्या अंगणात शिरताच ती थांबली.

शेणाने सारवलेलं अंगण अजून ओलं होतं. उंबऱ्याबाहेर रांगोळी, कुलपावर गुलाल, कडीत झेंडूचं एक फूल खोचलेलं. पायरीवर पानावर नारळाची अर्धी कवड, तांदळाचे चार दाणे आणि प्रसादाची साखर, तिला मुंग्या लागल्या होत्या. शेजारची म्हातारी कुंपणापलीकडून म्हणाली, वहिनीने पायरीवरच देवीची ओटी भरली. गुरवाने विचारलंन, बंद दारात पालखी थांबवायची काय, तर यशवंता बोलला, थांबव, घर आपलंच हाय, माणसं वाटेत असतील. देवीला घातलेल्या गाऱ्हाण्यात त्याने माझं आणि शैलाचं नाव घेऊन आम्हाला सुखी ठेवायला सांगितलंन.

मी चावी काढली. उजवीकडे फिरवली, जरा वर उचलायची हे विसरलो, मग आठवलं. दार उघडलं तेव्हा आत अंधार आणि तोच वास. मी आत गेलो नाही. तसाच दादाच्या घरी गेलो.

तो पडवीत बसून पायावरचा गुलाल धूत होता. दाराआडची फळी मला दिसत होती. खिळे तसेच होते, त्यांवर आता टोपी, विळा आणि वहिनीची बाजाराची पिशवी अडकवलेली होती. मी चावी त्याच्यापुढे पायरीवर ठेवली. म्हटलं, "दादा, माझं चुकलं. तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. ही ठेव."

दादाने चावीकडे बघितलं. ओल्या बोटाने काथ्याची गाठ जरा घट्ट केली, सैल झाली होती ती. मग चावी उचलून माझ्या तळहातावर ठेवली, आणि माझी बोटं मिटली.

"राहू दे तुझ्याकडंच," तो म्हणाला. "पुढच्या शिमग्याला वेळेवर ये."